दोन विटांची उंची

रेवा, परवा फोनवर तू विचारलंस, "आजी, हो की नाही? एका शब्दात सांग." तुझं वय चौदा. तिकडे मेलबर्नला कुठल्याशा कपड्यांच्या दुकानवाल्यांनी तुझे फोटो मागितले आहेत, तुझी आई नको म्हणते, तुझे बाबा "बघू" म्हणतात, आणि तुझा धाकटा भाऊ नील म्हणे कमरेवर हात ठेवून स्वयंपाकघरापासून न्हाणीघरापर्यंत चालून दाखवतो आणि शेवटी गिरकी घेताना फ्रिजवर आपटतो. मी बत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. 'एका शब्दात उत्तरे द्या' हा प्रश्न मला कधीच आवडला नाही. त्यात शेजारच्याची वही बघून लिहिणं फार सोपं असतं. म्हणून हे लांबलचक उत्तर. तुला भराभर वाचता आलं नाही तर आईकडून वाचून घे. तिलाही यातलं काही ठाऊक नाही, त्यामुळे मधे ती ओरडेल, तेवढं सहन कर. तर ऐक : तुझ्याहून एका वर्षाने लहान असताना तुझी आजी मॉडेल होती.

तेव्हा आम्ही आदिलाबादला, कापसाच्या जिनिंगच्या मागच्या अंगाला, दोन खोल्यांत राहायचो. सकाळी जिनिंगचा भोंगा झाला की आमचा दिवस सुरू व्हायचा, आणि दिवाळीपासून होळीपर्यंत सरकी सोडवणारी यंत्रं अशी काही घरघरायची की आम्ही सगळे जन्मभर जरा मोठ्यानेच बोलत राहिलो. तुझी आई मला फोनवर "हळू बोल" म्हणते ना, तो दोष माझा नाही, जिनिंगचा आहे. कापसाचे तंतू हवेत तरंगायचे आणि मिळेल तिथे बसायचे : वरणावर, दह्यावर, बाबांच्या काळ्या टोपीवर. आई प्रत्येक भांड्यावर ताट आणि ताटावर फडकं झाकायची, तरी जेवताना एखादा धागा जिभेला लागायचाच. पाहुणे खोकले की आत्या म्हणायची, "खाऊन घ्या बाप्पा, कापूसच हाय. पोटात गेला तं गादी होईन."

घरात आम्ही चौघं. बाबा कचेरीत कारकून. आमच्या घराण्यात लिहायला-वाचायला शिकलेला पहिला माणूस. त्यांच्या आधीचे सगळे दुसऱ्यांच्या शेतात राबलेले. त्यामुळे कागदावर त्यांचा फार जीव. कचेरीत फाइलला अजूनही निजामाच्या काळातला शब्द होता, मिसल. आणि बाबा घरातल्या प्रत्येक प्रश्नाची मिसल उघडायचे. एका तावावर डावीकडे बाजूने, उजवीकडे विरुद्ध, खाली 'मंजूर' किंवा 'नामंजूर' आणि सही. मांजर पाळावं की नाही याची मिसल तीन आठवडे चालली. ती मंजूर होईपर्यंत मांजराने आमच्याच कोठीत चार पिल्लं घातली होती. त्यांच्यासाठी बाबांनी पुरवणी जोडली.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, भागाआत्या. तरुणपणीच विधवा होऊन भावाकडे आलेली. माझे आजोबा लवकर गेले, तेव्हा तिने दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचून बाबांना मॅट्रिक केलं होतं. हे ती कधी बोलून दाखवायची नाही. दाखवायची गरजच नव्हती. ती नुसती समोर येऊन बसली की बाबांच्या दौतीतली शाई वाळायची. आणि आई? आई कमी बोलायची. तिचं मत ताटात वाढलेलं असायचं. एखादी गोष्ट पटली तर पातोड्यांची झणझणीत भाजी, नाही पटली तर अंबाडी. बाबा मिसल लिहिताना स्वयंपाकघराकडे तोंड करून वास घ्यायचे, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

बाजारात नरसय्या सेठचं कापडाचं दुकान होतं. सेठ तेलुगू, गिऱ्हाइकाशी हिंदीत बोलायचे, भाव करताना मराठीत, आणि नोकरावर तेलुगूत चिडायचे. दरवर्षी ते गिऱ्हाइकांना कॅलेंडर द्यायचे, वर देवीचं चित्र. पण लोक देवीला हळद-कुंकू लावायचे, आणि दुकानातल्या साड्यांकडे कुणी बघायचंच नाही. म्हणून त्या वर्षी सेठच्या मनात आलं की देवी नको, खरीखुरी बाई उभी करायची, आपली भारीतली रेशमी साडी नेसवून. आता बाई आणायची कुठून? लग्न झालेलीचा नवरा सोडेना. लग्नाच्या वयाच्या मुलीचा बाप तर सेठच्या अंगावरच धावून गेला. तेवढ्यात मी आईबरोबर शाळेच्या गणवेशाचं कापड घ्यायला गेले, आणि आई मोजणी बघत असताना काउंटरवरच्या एका जांभळ्या साडीचा पदर खांद्यावर टाकून आरशापुढे मान वेळावून उभी राहिले. आरशात मला सेठही दिसले. त्यांच्या हातातला गज हवेतच थांबला होता.

त्याच संध्याकाळी सेठ घरी आले, बरोबर सकिनालांचा, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या चकल्यांचा, डबा घेऊन. "साब, आपकी बच्ची चाहिए. एक फोटू. क्यालेंडर के वास्ते."

बाबांनी चष्मा पुसला. "फोटो? बाईमाणसाच्या जागी?"

"अरे साब, बाई किधर है? बच्ची है! बच्ची का कौन क्या बोलता?"

हे आत्याला पटलं. "खरं हाय दादा. लेकरू हाय थे. लेकराले काय होते?"

रेवा, हे वाक्य नीट लक्षात ठेव. सगळी गंमत तिथेच आहे. मोठ्या बाईला जे करू देणार नाहीत ते मला करू देत होते, कारण मी लहान होते. आणि मी लहान असताना मला जे करायचं होतं ते म्हणजे मोठी बाई दिसायचं.

बाबांनी मिसल उघडली. अटी लिहिल्या : शाळा बुडणार नाही, आई आणि आत्या दोघी स्टुडिओत हजर राहतील, मुलीचं नाव छापलं जाणार नाही, मोबदला म्हणून फक्त गणवेशाचं कापड. सेठने खाली अंगठ्याएवढी मोठी सही ठोकली. मंजूर. त्या दिवशी आईने पातोड्याही केल्या नाहीत आणि अंबाडीही नाही, साधं वरण केलं. तिलाही अजून कळलं नव्हतं. आज शिक्षिकेच्या नजरेने ती मिसल तपासली तर मी बाबांचे गुण एकाच जागी कापीन. सगळं लिहिलं, पण मला कुणाच्या वयाची करून उभं करणार, हे विचारायचं राहून गेलं. आणि खरं सांगायचं तर मी स्वतः इतकी खुशीत होते की ते कुणी विचारलं असतं तर मीच त्याला गप्प केलं असतं.

स्टुडिओ करीमभाईंचा. मागे पडदा, त्यावर महालाचा जिना, तळं आणि हंस. एका हंसाची मान उंदराने खाल्लेली. समोर उंच तिपाईवर कागदी फुलांची कुंडी. सेठच्या घरून ब्लाउज आला होता, तो माझ्या अंगावर बाबांच्या सदऱ्यासारखा लोंबायला लागला. "कापसाच्या गावात कापसाची काय कमी?" म्हणत आत्याने खांद्यांत आणि बाह्यांत कापूस ठासला आणि पाठीमागून सगळं टाचण्यांनी आवळलं. टाचण्या बावीस होत्या. मी मोजल्या, कारण सगळ्या मला टोचत होत्या. केसांना गंगावन जोडून नारळाएवढा अंबाडा घातला. पण साडी रेशमी, काठ भला रुंद, आणि मी केवढीशी! काठ जमिनीवर लोळायला लागला. मग करीमभाईंनी अंगणातून दोन विटा आणल्या, एकावर एक रचल्या आणि मला त्यावर चढवलं. साडी विटांवरून खाली सोडली. झालं, तेरा वर्षांची शिलू दोन मिनिटांत बाईमाणूस झाली.

"अब ऐसा देखो बेटा," करीमभाई काळ्या कापडात डोकं घालून म्हणाले, "जैसे चूल्हे पे दूध रक्खा है, उबलने कू आया, और तुम दूर खडी है."

मी दूध डोळ्यांपुढे आणलं. त्याच वेळी खालची वीट डुगडुगली. त्याच वेळी बाहीतला कापूस नाकाशी आला आणि मला शिंक येऊ लागली. शिंकले तर विटेवरून पडणार, पडले तर बावीस टाचण्या. मी श्वास रोखला, पापण्या खाली केल्या, ओठ दाबले. "वा! बस, वैसाच!" करीमभाई ओरडले, आणि फोटो निघाला. शिंक फोटोनंतर आली आणि अंबाडा हंसापाशी जाऊन पडला.

फोटो काळा-पांढरा. रंग भरायला सेठने तो निर्मलला धाडला. तिथले कारागीर लाकडाची खेळणी आणि देवदेवतांची चित्रं रंगवणारे. त्यांनी आपल्या सवयीने रंगवला. मला कानापर्यंत पोचणारे डोळे आले, नाकात नथ आली, गाल पिकल्या पेरूसारखे झाले. कॅलेंडर छापून आलं तेव्हा आम्ही चौघं त्याच्यासमोर जाऊन बसलो.

"हे कोण व?" आत्याने विचारलं.

"मीच आहे!"

"तू अशी दिसत अशीन तं मी महाराणी हाय," आत्या म्हणाली. पण तिने ते भिंतीवर लावलं आणि आल्यागेल्याला दाखवलं. मी तर शाळेतून आले की दप्तर खाली ठेवायच्या आधी त्या बाईकडे बघायची. मला ती फार आवडायची. मी तिच्यासारखी पापणी पाडून आरशात बघायची, आणि मला फक्त सर्दी झाल्यासारखी दिसायची. मला मजा आली नाही असं मी तुला सांगणार नाही. फार मजा आली. सेठने दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं असतं तर मी अनवाणी धावत गेले असते.

कॅलेंडरं गिऱ्हाइकांच्या काखोटीला बसून खेड्यापाड्यांत गेली, पैनगंगेपलीकडेही गेली. आता इथे तुला आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. तुम्ही तिकडे जेवणाचेसुद्धा फोटो काढता. आमच्याकडे मुलगी साडी नेसून, कागदी फुलांच्या कुंडीशेजारी, स्टुडिओत उभी राहायची ती आयुष्यात एकदाच : स्थळांकडे फोटो पाठवायचा असेल तेव्हा. साडी, कुंडी, खाली बघणारी मुलगी, या तिन्ही गोष्टी एका फोटोत दिसल्या की आंधळ्यालाही कळायचं, मुलगी लग्नाची आहे. आणि इथे तर फोटोच्या खाली ठळक अक्षरांत दुकानाचा पत्ता होता. नाव छापायचं नाही ही अट सेठने पाळली, पण कुणी विचारलं की दुकानभर ऐकू जाईल असं सांगायचे, "कचेरीवाले साब की बच्ची!" आमच्या समाजातल्या खेड्यांवरच्या माणसांनी त्यातून सरळ अर्थ काढला : शिकलेला बाप आहे, एकेक फोटो कुठे वाटत बसणार, एकदमच छापून टाकले.

पहिले पाहुणे आले तेव्हा बाबा दाढी करत होते. धोतर नेसलेले दोन गृहस्थ, हातात कॅलेंडरची गुंडाळी. "जयभीम. हे इथलीच ना? आमी पाहाले आलो."

"काय पाहायला?" बाबा अर्ध्या साबणाने म्हणाले.

"आता काय सांगाव! तुमीच तं धाडलं." आणि त्यांनी कॅलेंडर उलगडलं. "वर्षभराच्या तिथ्याबी देल्या. सोय केली पाहुण्यायची."

बाबांनी त्यांना चहा-पोहे देऊन, मुलगी शिकते आहे असं सांगून वाटेला लावलं. मग आणखी आले. पंधरा दिवसांत सात जण. आईचे पोहे संपले, शेजारणीचे आणले, तेही संपले, शेवटी तिने एका पाहुण्यांपुढे नुसते भाजलेले शेंगदाणे ठेवले. सगळे एकच गोष्ट वाखाणायचे. "नजर पाह्यली का पोरीची? किती खालमानी! किती सोशिक! अशी पोरगी घर सांभाळते." रेवा, ती शिंक होती.

इथवर आम्हाला हसू यायचं. आठवं स्थळ आलं आणि हसू थांबलं. पलीकडच्या तालुक्यातलं घर, आठ एकर, पाण्याची विहीर, बैलजोडी, मुलगा मास्तरकीचं शिक्षण घेणारा, मागणी काही नाही. आत्याने निरोप ऐकला आणि ती बाबांसमोर येऊन बसली.

"दादा, हे सोडाचं नाई."

बाबांनी मिसल उघडली. डावीकडे विहीर, बैलजोडी, एकर, सगळं सुवाच्य लिहिलं. उजवीकडे एकच शब्द लिहून थांबले.

"काय लिवलं? वाच."

"वय."

"वय तं रोज वाढते," आत्या म्हणाली. "स्थळ रोज येत नाई. म्या जल्मभर लोकायचा कापूस येचला. या पोरीच्या हाताले बोंड टोचू नये एवढंच पाहून राह्यली मी. रविवारी बलाव त्याइले."

बाबांनी टाक खाली ठेवला. त्यांनी 'मंजूर' लिहिलं नाही, पण 'नामंजूर'ही लिहिलं नाही. ज्या बहिणीने बोटं रक्ताळून आपल्याला अक्षर दिलं तिच्याविरुद्ध अक्षर कसं लिहायचं, हे त्यांना कुठल्याच शाळेने शिकवलं नव्हतं. मी दाराआड होते. लग्नाची मला भीती वाटली नाही, कारण लग्न म्हणजे काय ते मला ठाऊकच नव्हतं. जेवणावळ आणि बँड एवढंच. मी फक्त एक प्रश्न विचारला, "त्या गावात शाळा कितवीपर्यंत आहे?" बाबा म्हणाले, "चौथी." मी आठवीत होते. आत जाऊन मी इंग्रजीच्या पुस्तकाला नवं कव्हर घालत बसले. चांगलं होतं ते, तरी काढून पुन्हा घातलं.

आईने त्या आठवड्यात सलग चार दिवस अंबाडी केली.

रविवारी मुलाची आई आणि मामा आले. मुलाची आई धिप्पाड, कपाळावर घाम, बोलणं रोखठोक. मामा बारीक, प्रत्येक वाक्याच्या आधी घसा साफ करणारे. आतल्या खोलीत आत्या मला नेसवायला आली तर दांडीवर आईची दोन्ही चांगली लुगडी टपटप गळत होती.

"आजच धुतली व तू?" आत्या किंचाळली.

"मळली होती," आई म्हणाली. "वाळतीन संध्याकाळलोक."

तिने माझ्या दोन वेण्या घट्ट घातल्या, लाल रिबिनी बांधल्या, सेठच्या मोबदल्याच्या कापडाचा निळा-पांढरा गणवेश अंगावर चढवला आणि पोह्यांचं ताट हातात देऊन मला बाहेर ढकललं.

मुलाच्या आईने ताट घेतलं. "बरं हाय, धाकटी कामाची हाय. आता मोठीले आणा."

"मोठी कोण?" बाबा म्हणाले.

"जिले पाहाले आलो थे."

"हेच थे," आत्या म्हणाली.

मुलाच्या आईने पोहे बाजूला ठेवले, कॅलेंडर उलगडलं आणि माझ्या डोक्याशेजारी धरलं. एकदा तिकडे, एकदा इकडे. मामांनी घसा साफ केला, उठले, आणि हाताच्या वितीने आधी कॅलेंडर आणि मग मला मोजलं. "अक्का, हिशोब जमून नाई राह्यला."

"डोळे कुठी गेले हिचे?"

"ते निर्मलला..." मी सांगू लागले.

"मोठीले लपवून लहानीले दाखवता? शिकलेले लोक, आन् असं?" मुलाची आई उठली ती थेट स्वयंपाकघरात शिरली. मामा तिच्या मागे. त्यांनी दाराआड पाहिलं, गाद्यांच्या ढिगामागे पाहिलं, कोठीचं झाकण उघडलं. कोठीत मांजर होतं, ते मामांच्या खांद्यावरून बाहेर पडलं. माझी न सापडणारी मोठी बहीण शोधताना त्यांनी ज्वारीचं पोतंसुद्धा हलवून पाहिलं.

आता आत्याचं डोकं फिरलं. भावाला कुणी लबाड म्हणालं की तिला समोर कोण आहे ते दिसायचं नाही. "थांबा! दाखवतो तुमाले," म्हणत ती अंगणातून न्हाणीच्या दगडाजवळच्या दोन विटा घेऊन आली, खोलीच्या मधोमध एकावर एक ठेवल्या. "चढ व शिले. पाह्य तशी, फोटोतल्यावाणी. दूध आठव."

मी चढले. गणवेश, लाल रिबिनी, पायाखाली दोन विटा. पापण्या खाली केल्या, ओठ दाबले, दूध आठवलं. वीट डुगडुगली. आणि जिनिंगच्या घरात कापसाचा एक तंतू कुठूनसा तरंगत येणारच. तो नाकावर बसला. या वेळी मला शिंक धरता आली नाही. मी विटांवरून उडाले ती बाबांच्या मांडीवर जाऊन पडले, आणि पडल्या पडल्या मला हसूच आवरेना. मामाही हसले. घसा साफ न करता.

आत्या मात्र हसली नाही. ती त्या रिकाम्या विटांकडे बघत होती. "मलेबी असंच उभं केलं होतं," ती हळू म्हणाली. आमच्या घरात इतकं हळू बोललेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. "पाटावर. नवऱ्याच्या गळ्यात हार पोचत नव्हता. सारे म्हणत, पोरगी किती उंच दिसून राह्यली." मग तिने माझ्याकडे पाहिलं, बाबांच्या मांडीवर, एक रिबीन सुटलेली. "लेकरू हाय व हे. विटा काढल्या का लेकरूच हाय."

"म्हणजे मोठी हायच नाई?" मुलाच्या आईने विचारलं.

"हाय ना." आत्याने वाकून दोन्ही विटा उचलल्या आणि त्या बाईच्या हातांत दिल्या. "हे घ्या. तुमाले जे पोरगी पाह्यजे थे एवढीच हाय. घेऊन जा आंदण म्हणून. वरचं लेकरू आमचं हाय, थे शाळेत जाते."

मुलाची आई खरोखर विटा घेऊन दारापर्यंत गेली. तिला दाराबाहेर गेल्यावर कळलं असावं, कारण एक वीट पायरीवर आणि दुसरी फाटकाशी सापडली. बाबांनी मिसल घेतली, आत्याकडे एकदा बघितलं, तिने मान हलवली, आणि त्यांनी 'नामंजूर' इतक्या जोरात लिहिलं की टाक मोडला. संध्याकाळी पातोड्या झाल्या. दुसऱ्या दिवशी बाबा सेठकडे जाऊन आले; पुढच्या वर्षी कॅलेंडरवर दोन पोपट होते. मी थोडी रडले. पोपटांचा मला कित्येक दिवस राग होता.

मग मी मॅट्रिक झाले, बी.ए. झाले, बी.एड. केलं, आणि चोविसाव्या वर्षी, माझ्या स्वतःच्या उंचीवर उभी राहून, तुझ्या आजोबांशी लग्न केलं. ते बेल्लमपल्लीला कोळशाच्या खाणीच्या ऑफिसात होते. क्वार्टरमध्ये पहिल्या दिवशी चहा करायला स्वयंपाकघरात शिरले आणि चुलीशेजारच्या भिंतीकडे पाहून माझ्या हातातलं पातेलं खाली पडलं. तिथे ती होती. तारखांचा भाग फाडून, चौकट करून लावलेली. कानापर्यंत डोळे, नथ, गालांवर पेरू.

"कोण आहे ही?" मी सासूबाईंना विचारलं.

"काय माहीत व माय. माह्या भावाच्या गावावून आणली. पण नजर पाह्य!" त्या म्हणाल्या. "सून कराची तं अशी, असंच मनात होतं माह्या. आता तू आली, तुबी बरीच हाय."

तुझ्या आजोबांना मी त्याच आठवड्यात सांगितलं. ते इतके हसले की त्यांना पाठीवर थापटावं लागलं, पण शेवटपर्यंत आपल्या आईला त्यांनी सांगितलं नाही. मीही नाही. सासूबाई पुढे कित्येक वर्षं होत्या. माझी भाकरी जाड झाली की त्या भिंतीकडे बघून उसासा टाकायच्या. मी शाळेत जायला उशीर झाला म्हणून धावपळ केली की म्हणायच्या, "ते पाह्य, कशी शांत उभी हाय." एकदा चुलीवर खरंच दूध उतू जायला आलं होतं, मी दाराशी होते, आणि बहुधा माझ्या चेहऱ्यावर तेच आलं असावं, कारण सासूबाईंनी माझ्याकडे निरखून पाहिलं, मग भिंतीकडे, पुन्हा माझ्याकडे. "नाई," त्या मान हलवून म्हणाल्या, "तिची सर नाई तुले." तोवर दूध सांडलं होतं.

तर रेवा, माझं उत्तर. काम म्हणून, पैसे घेऊन, लोकांना वस्तू विकण्यासाठी उभं राहायचं, तर अजून नको. अठरा पूर्ण झाल्यावर विचार, तेव्हा टाचण्या धरायला मी स्वतः येईन. तुला मजा येणार नाही म्हणून मी नको म्हणत नाही. मजा येईलच, मला माहीत आहे, आणि म्हणूनच तेव्हा तुला नीट बघता येणार नाही. माझ्यासाठी ते आत्याने पाहिलं. आणि तुझ्या आई-बाबांनी तरीही हो म्हटलं, तुझ्याच वयाचा फ्रॉक, तुझेच बूट, आई खोलीत, तर मी रागावणार नाही, फोटो पाठव, मी भिंतीवर लावीन. फक्त तिथे गेल्यावर आधी खाली बघ. कुणी पायाखाली सरकवायला विटा घेऊन आलं, तर उतर आणि मला फोन कर. इकडे किती वाजले असतील ते बघत बसू नकोस.